गोकुळ शिरगावची ड्युटी, रविवारी लेकीबरोबर रंकाळा: पस्तीस हजारांत कुठली एमटीबी घ्यावी?

पाणंदकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

राहायला देवकर पाणंद, कामाला गोकुळ शिरगाव एमआयडीसी. सायबर चौक, विद्यापीठ, शाहू नाका, उजळाईवाडी असं गेलं की एका बाजूला दहा-अकरा किलोमीटर. बारा वर्षं बाईकवर जातोय. मागच्या महिन्यात शुगर काठावर आलेली सापडली आणि डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली. दुसरं कारण माझी आठ वर्षांची लेक. तिला वीस इंची सायकल घेतली, रविवारी सकाळी रंकाळ्यावर ती पुढं आणि मी मागनं चालत. परवा वळून म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधी घेणार सायकल?" तेव्हाच ठरवलं.

उंची ५ फूट ७, वजन ८४. बजेट ३० ते ३५, फारच ताणलं तर ३८. मागं शॉक नसलेली, फक्त पुढं शॉक असलेली साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक सायकल हवी. दुकानात तीन बघून आलो:

एक २९ इंची, केबलचे डिस्क ब्रेक, ३×७ गिअर (पुढं तीन चकत्या, मागं सात), २४ हजार. दुसरी २७.५, हायड्रॉलिक म्हणजे तेलावरचे ब्रेक, ३×८, ३३ हजार. तिसरी २९ इंची, एअर फोर्क (पुढचा शॉक हवेचा), २×९, ४४ हजार.

दुकानदार तिसरी घ्या म्हणतोय. मित्र म्हणतोय पहिली घे आणि उरलेले पैसे वाचव. दिसायला मला पहिलीच आवडली, काळी-केशरी आहे. रोजची ये-जा, लेकीबरोबर फेरी आणि जमलंच तर वर्षातून दोनदा पन्हाळा, एवढंच करायचंय. काय घेऊ?

वाघबीळचा_चढ · सोमवार, रात्री ९.५८

दुसरी. डोळे झाकून.

सायबर_चौक · सोमवार, रात्री १०.१५

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. तुमच्या वापराला एमटीबी लागतच नाही. हायब्रिड घ्या. ३५-३८ मिलिमीटरचे बारीक टायर, पुढं शॉक नसलेला साधा फोर्क. स्प्रिंगचा स्वस्त शॉकअप एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो आणि शाहू नाक्याकडं उभं राहून पॅडल मारलं की तो खालीवर डुलत बसतो. तुमची ताकद त्यातच जिरते. मी पाच वर्षं हायब्रिडवर कागलपर्यंत जातोय.

छर्रे_ग्रीस · सोमवार, रात्री ११.०५

पाणंदकर, माझं काम उद्यमनगरात लेथवर, पण सायकली दुरुस्त करायचा नाद शाळेपासूनचा. जरा सविस्तर लिहितो.

तुमचं वजन ८४, त्यात डबा, पाणी, रेनकोट. म्हणजे सायकलवर नव्वदच्या वर किलो धरा, त्यातला बराचसा भार मागच्या चाकावर. पहिल्या सायकलला सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) आट्यांनी बसवलेला चकत्यांचा गठ्ठा असणार. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आतल्या बाजूला बसतात आणि एक्सल बाहेर मोकळा लोंबतो. वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की एक्सल वाकतो, कधी तुटतो. माझ्याकडं असे बरेच येतात. आठ गिअरची कॅसेट, म्हणजे हबवरच सरकवून बसवलेला चकत्यांचा गठ्ठा असला की छर्रे पार कडेला असतात, एक्सलला आधार मिळतो. गिअर एकच वाढला असं दिसतं, पण आतली रचनाच वेगळी आहे. फक्त ३×८ लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, आठ गिअरची फ्रीव्हीलंही येतात. मागं कॅसेट आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

शॉकअपचं सायबरभाऊंनी सांगितलं ते खरं आहे. म्हणून हँडलजवळ किंवा फोर्कच्या डोक्यावर लॉकआउट, म्हणजे शॉक बंद करायचा खटका असलाच पाहिजे. काही ठिकाणी फोर्कवर नुसता फिरवायचा नॉब असतो आणि तोच लॉकआउट म्हणून सांगतात. तो प्रीलोड असतो, स्प्रिंग जरा आवळतो, बंद करत नाही. तपासायचं सोपं आहे: लॉक करा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार टाका. दबला नाही तर खरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. मागच्या चाकाजवळ फ्रेमला कॅरिअरची आणि मडगार्डची भोकं आहेत का, ते वाकून बघा. दोन खाली एक्सलशेजारी, दोन वर सीटखाली. ती नसली तर पाठीवर सॅक घेऊन जावं लागतं आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात पाठ कशी भिजते ते तुम्हाला माहीत आहे.

भोकं_नसलेला · मंगळवार, सकाळी ७.२०

छर्रेदादा, तुम्हीच माझ्या फ्रेमला पट्टीचे क्लॅम्प करून दिले होते. आतून जुन्या ट्यूबचा तुकडा लावून. तीन वर्षं झाली, कॅरिअर तसूभर हललं नाही. पाणंदकर, तरीही भोकं असलेलीच घ्या.

कळंबेवाली · मंगळवार, सकाळी ९.१०

मी शिक्षिका आहे. चार वर्षं हार्डटेल, म्हणजे मागं शॉक नसलेली एमटीबी वापरतेय, शाळेलाही आणि मुलाबरोबरही. हायब्रिड की एमटीबी या वादात मी एमटीबीच्या बाजूनं. कारण रस्ता. एकदा पाइपलाइनसाठी खणला की बुजवलेली चर वर्षभर उंचवटा होऊन राहते. उसाच्या गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली चिखलाची ढेकळं डांबरावर पडतात आणि वाळून दगडासारखी होतात. सकाळच्या अंधारात बारीक टायर त्यावर गेला की हँडल हातातून सुटतं. दोन इंची टायर वर चढून जातो.

मुलांबरोबरच्या फेरीबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण त्यावर कुणीच लिहिलं नाही.

आठ वर्षांचं मूल ताशी आठ-दहा किलोमीटरनं जातं. मधेच थांबतं, वळून बघतं, बदकं दिसली की उतरतं. मोठ्या माणसाला इतक्या हळू तोल सांभाळत जायचं असेल तर हलका गिअर हवा आणि वरची दांडी अशी हवी की दोन्ही पाय पटकन जमिनीवर टेकतील. दुकानात सायकलवर बसून नाही, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहून बघा. दांडी आणि तुमच्यात दोन-तीन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट तिच्या सायकलची. पुढं-मागं शॉक असलेल्या वीस इंची सायकली दिसायला झकास, पण वजन चौदा-पंधरा किलो. मूल पंचवीस किलोचं. म्हणजे तुम्ही पन्नास किलोची सायकल चालवल्यासारखं. माझा मुलगा रडायचा, मला वाटायचं आळशी आहे. भाच्याची साधी हलकी सायकल दिली तेव्हा तोच माझ्या पुढं गेला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, उगाच बोलत होते त्याला.

पाणंदकर · मंगळवार, सकाळी ९.३२

ताई, तुमचं वाचून खाली जाऊन लेकीची सायकल उचलून बघितली. जड आहे. मागं शॉकही आहे. ती रंकाळ्याला अर्ध्यावरच दमते त्याचं कारण हेच असावं.

आपटेनगर_काका · मंगळवार, दुपारी १२.४५

आमच्या वेळी तासावर भाड्यानं सायकल मिळायची. घरची ओळख असली तरच. मंगळवार पेठेतून आम्ही चौघे दोन सायकलींवर पन्हाळ्याला निघालो, डबलसीट. वाघबिळापर्यंत मजेत. तिथून पुढं एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं कॅरिअर ढकलायचं. एकच गिअर आणि तोही कडक. वर तीन दरवाज्यात पोचून भाकरी सोडली तेव्हा जी चव लागली ती पुन्हा लागली नाही. परत येताना उतारावर ब्रेकचे रबर जळल्याचा वास येत होता. आता वय ६८, नातवानं गिअरची सायकल दिलीय, सकाळी शालिनी पॅलेसपर्यंत जाऊन येतो. पाणंदकर, घ्या लवकर. चाळिशीत सुरू केलंत तर माझ्या वयात पन्हाळा चढाल.

तांबडा_पांढरा · मंगळवार, दुपारी १.०२

काका, नाद खुळा!

मसाई_पठार · मंगळवार, दुपारी १.३०

पन्हाळा निघालाच आहे तर, तिथलंच जवळचं मसाई पठार हार्डटेलवरच करावं असं आहे. सप्टेंबरअखेर, पाऊस उघडला की. जांभा दगड, वर बारीक गवत, वारा असा की सायकल तिरकी धरावी लागते. फुलांवरून चाकं घालू नका, पायवाट सोडू नका एवढीच विनंती.

तांबडा_पांढरा · मंगळवार, दुपारी १.३४

आणि खाली उतरल्यावर मिसळ. शुगरचं डॉक्टरांना आम्ही सांगत नाही.

कळंबेवाली · मंगळवार, दुपारी २.१५

पाव एकच घ्यायचा, बाकी मटकी. माझ्या वडिलांना शुगर आहे, ते असंच करतात.

गणिताचा_तास · मंगळवार, रात्री ८.५०

गिअरबद्दल नुसतं "हलका-जड" बोलण्यापेक्षा हिशेब करून दाखवतो. पॅडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल किती पुढं जाते, ते मोजायचं. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा परीघ.

२९ इंची जाड टायरचा परीघ साधारण २.२९ मीटर, २७.५ चा २.१८. पहिल्या सायकलला पुढं लहान चकती २४ दातांची आणि मागं सगळ्यात मोठी २८ ची असेल असं धरू, या किमतीत बहुतेक तसंच येतं. २४ भागिले २८ गुणिले २.२९ म्हणजे १.९६ मीटर. दुसरीला मागं ३४ दात असतील तर २४ भागिले ३४ गुणिले २.१८, म्हणजे १.५४ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर पहिली ताशी ८.२ किलोमीटरनं जाते, दुसरी ६.५ नं. पन्हाळ्याच्या घाटात ८४ किलोच्या नव्या माणसाला ८.२ झेपत नाही. मग पायाच्या फेऱ्या कमी होतात, गुडघ्यावर जोर येतो आणि माणूस उतरून ढकलतो. काकांनी ढकलली तशीच.

वरच्या टोकाला पुढं ४२ आणि मागं ११ दात असले तर ८० फेऱ्यांना ताशी चाळीस. ऑफिसला तेवढं लागतही नाही. म्हणून दुकानात पुढचे दात नका मोजू, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर कोरलेला आकडा वाचा.

सायबर_चौक · मंगळवार, रात्री ९.२०

सर, हे मान्य. माझ्या हायब्रिडला मागं ३२ आहे आणि पन्हाळ्याला एका ठिकाणी उतरावंच लागतं. ताईंचं ढेकळांचंही पटलं, मी हायवेनं जातो म्हणून मला ती कमी लागतात. तरी एक सांगतो: एमटीबी घेतली तर खरबरीत टायर काढून मधून गुळगुळीत, कडेला नक्षी असलेले टायर टाका. डांबरावर घरघर थांबते आणि दहा किलोमीटरला दोन-चार मिनिटं सहज वाचतात. जुने टायर मसाई पठारासाठी जपून ठेवा.

पाणंदकर · मंगळवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार. म्हणजे पहिली बाद. आता दुसरी की तिसरी? एअर फोर्कसाठी अकरा हजार जास्त द्यावेत का? आणि पावसाळ्यात काय करता? केबलचा ब्रेक कुठंही दुरुस्त होतो, हायड्रॉलिक बिघडला तर काय, असं मित्र विचारतोय.

पूररेषा · मंगळवार, रात्री १०.३०

पावसाचं मी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. माणसं वर, सायकल खाली. पाणी उतरल्यावर बाहेर काढली तर स्पोकांत गाळ, सीटच्या नळीतून पाणी. धुतली, तेल दिलं, चालू झाली. वाटलं वाचली. दोन महिन्यांनी पॅडल फिरवताना खरखर यायला लागली. उघडलं तेव्हा पॅडलच्या एक्सलमध्ये आणि दोन्ही हबमध्ये गाळ बसून छर्रे गंजलेले. पुराचं पाणी लागलं तर त्याच आठवड्यात हब, हँडलची वाटी आणि पॅडलचा एक्सल उघडून नवं ग्रीस भरा.

रोजच्या पावसाला मात्र हायड्रॉलिक केबलपेक्षा सोयीचा. केबलच्या नळीत पाणी आणि माती शिरते, लिव्हर जड होतो, दर काही दिवसांनी आवळावं लागतं. हायड्रॉलिक बंद असतो आणि पॅड झिजतील तसा आपोआप जुळवून घेतो. झिजतात ते पॅड, चिखलात लवकर. एक जोडी घरात ठेवा. फक्त ब्रेकमध्ये कुठलं तेल आहे ते लिहून घ्या. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. गाडीचं ब्रेक ऑइल त्यात घातलं तर आतली सीलं फुगून खराब होतात.

छर्रे_ग्रीस · मंगळवार, रात्री ११.००

एअर फोर्क तुमच्या वजनाप्रमाणं हवा भरून जुळवता येतो, हलका असतो, छान असतो. पण त्याला वेगळा पंप लागतो आणि ठरावीक काळानं सीलं बदलावी लागतात. तुमचा वापर डांबरावरचा. अकरा हजार त्यात घालू नका. दुसरी घ्या आणि उरलेल्यातून हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, मडगार्ड, कॅरिअर, हातपंप, एक जादा ट्यूब. पहिल्याच दिवशी.

आणखी एक. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मोह करू नका. माझ्या मेहुण्याची खोक्यातून अर्धवट जोडलेली आली. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, खोक्यात कागदही नव्हता. पान्यानं जोर लावून उजव्यासारखं आवळलं आणि क्रँकचे, म्हणजे पॅडल बसतं त्या दांडीचे आटे गेले. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, एकदा गेलं की गेलं. मी आत नवा आटा बसवून दिला, पण नव्या कोऱ्या सायकलला पहिल्या दिवशी लेथवर चढवायची वेळ कुणावर येऊ नये.

वाघबीळचा_चढ · बुधवार, सकाळी ६.५०

किमतीचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. बिलावर ५ लावलाय ना, ते बघा.

रात्रपाळी · बुधवार, सकाळी ८.१५

लाइटचं छर्रेदादांनी एका शब्दात लिहिलं, मी जरा लिहितो. शिरोलीत दुसऱ्या पाळीला आहे. गेल्या हंगामात रात्री साडेअकराला घरी येत होतो. पुढं अंधार, रस्ता मोकळा वाटला. अचानक उसाचा वास आला. नुसता वास. ब्रेक दाबला आणि हातभर अंतरावर ट्रॉलीचं मागचं फळकूट, त्यावरून ऊस बाहेर लोंबत होता, त्याचं पाचट गालाला लागलं. डबल ट्रॉली, कडेला बंद पडलेली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फांदीसुद्धा लावलेली नाही. वास आला नसता तर आज हे लिहायला नसतो.

माझ्या सायकलला तेव्हा पुढं चमकणारा छोटा लाइट होता. तो दुसऱ्यांना आपण दिसावं म्हणून असतो, आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही. पाणंदकर, पुढचा लाइट चांगला जोरकस, चार्जिंगचा घ्या. सायकलपेक्षा जास्त विचार त्यावर करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्याच असतात. ट्रॅक्टरवाल्या पोरांचाही दोष नाही, तीही वीस-वीस तास जागी असतात, पण एक लाल रिफ्लेक्टर लावायला काय लागतं?

कळंबेवाली · बुधवार, सकाळी ८.४०

वाचून अंगावर काटा आला. सांभाळून या हो.

आपटेनगर_काका · बुधवार, सकाळी ९.०५

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी पोरांनी वर्गणी काढून लाल रेडियमचे रोल आणले आणि जाणाऱ्या ट्रॉल्या थांबवून मागं पट्ट्या चिकटवल्या. एकाही ड्रायव्हरनं नको म्हटलं नाही. रात्रपाळी, या हंगामात तुमच्या रस्त्यालाही करू. मी येतो.

रात्रपाळी · बुधवार, सकाळी ९.२०

काका, नक्की. मेसेज करतो.

पाणंदकर · रविवार, रात्री ८.३०

मंडळी, घेतली. दुसरी, २७.५. साइज एम.

दुकानात वाकून भोकं मोजली, चारही आहेत. मागच्या मोठ्या चकतीवर ३४ कोरलेलं दिसलं. कॅसेटच आहे. लॉकआउट ब्रेक दाबून तपासला, खरा आहे. दुकानदारानं शेवटी हसून विचारलं, "साहेब, तुमचं पण दुकान आहे का?" त्याच्याकडं एल साइज लगेच होती, एम मागवायला तीन दिवस लागणार होते. एलवर बसलो तर हात ताणले जात होते आणि दांडी अंगाला लागत होती. थांबलो. लाइट जोरकस घेतला, मागचा लाल आणि हेल्मेट दोन घेतली, एक लेकीचं. लेकीची सायकलही बदलायची ठरलीय, तेच दुकानवाले मागं शॉक नसलेली हलकी आणून देणार आहेत.

आज सकाळी सहाला क्रशर चौकातून निघून रंकाळ्याला फेरी मारली. ती तिच्या जुन्या जड सायकलवर, मी मागं सगळ्यात हलक्या गिअरवर. संध्यामठाजवळ थांबलो, पाण्यावर धुकं होतं. ती म्हणाली, "पप्पा, आज तुमच्या चपलांचा आवाज नाही आला मागनं."

दोन शंका. पुढचा ब्रेक दाबला की किंचाळतोय आणि नीट धरत नाही. आणि रस्त्यावर हँडलला बारीक हादरे येतात, शॉक असूनही. काही चुकलं का?

छर्रे_ग्रीस · रविवार, रात्री ८.५५

अभिनंदन मर्दा! काही चुकलेलं नाही. नवे पॅड डिस्कवर बसलेले नाहीत. रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगानं जाऊन पुढचा ब्रेक हळूहळू दाबत चालण्याइतक्या वेगावर आणा, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा. मग मागच्याचं. डिस्कला बोट लावू नका, चेनला तेल देताना तिकडं फडकं धरा.

हादरे हवेचे आहेत. दुकानात बहुतेक पन्नास-साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासून देतात. टायरच्या कडेला मर्यादा छापलेली असते ती वाचा आणि तुमच्या वजनाला डांबरावर मागं चाळीस, पुढं पस्तीसच्या आसपास ठेवून बघा. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर भरता येईल, पण तिथं हवा झटकन शिरते, थोडी थोडी भरा.

पाणंदकर · सोमवार, सकाळी ९.५०

पोचलो कामावर. ४२ मिनिटं. हवा कमी केली, हादरे गेले. ब्रेक अजून थोडा ओरडतोय, संध्याकाळी विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर वीस वेळा करतो.

कळंबेवाली · सोमवार, सकाळी १०.०५

येत्या रविवारी लेकीला घेऊन कळंबा तलावावर या. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दोघं बरोबर चालवतील. साडेसहाला, जेलच्या पुढं.